मुंबईतला धक्का आणि युरोपचं टेबल टेनिस

1952 सालची मुंबई. टेबल टेनिसची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा पहिल्यांदाच आशियात भरली होती, आणि ती आपल्या मुंबईत.

तोवर हा खेळ म्हणजे युरोपचं घरचं अंगण. 1926 साली लंडनमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, पुरुष एकेरीत जिंकला हंगेरीचा रोलांड याकोबी. पुढे हंगेरीच्याच व्हिक्टर बार्नानं पाच वेळा एकेरीचं विश्वविजेतेपद मिळवलं. मुंबईतही सांघिक करंडक हंगेरीच्या पुरुषांनी नेला आणि महिला एकेरी रुमानियाच्या अँजेलिका रोझेनूनं जिंकली. पण पुरुष एकेरीत जपानचा हिरोजी सातो उतरला, तो जाड स्पंज लावलेली बॅट घेऊन.

साध्या रबराच्या बॅटवर चेंडू टक्-टक् वाजतो. खेळाडू त्या आवाजावरून फटक्याचा जोर ताडतात. सातोच्या बॅटमधून आवाजच येईना! चेंडू स्पंजमध्ये रुतायचा आणि उसळून भलत्याच वेगानं परत यायचा. अंतिम सामन्यात हंगेरीचा योझेफ कोचियान हरला. पुरुष एकेरीचं विश्वविजेतेपद पहिल्यांदाच आशियाकडे गेलं.

पुढच्या वर्षी हंगेरीच्या फेरेंक शिडोनं ते परत मिळवलं खरं, पण त्यानंतर सतरा-अठरा वर्षं एकाही युरोपियन पुरुषाला ते जमलं नाही. आधी जपान, मग चीन. महिलांचं तर त्याहून कठीण. रोझेनू 1950 ते 1955 अशी सलग सहा वर्षं जिंकली. तिच्यानंतर आजपर्यंत एकही युरोपियन महिला एकेरीत विश्वविजेती झालेली नाही.

याच काळात, मार्च 1957 मध्ये, स्टॉकहोमला जागतिक स्पर्धा सुरू असताना युरोपियन टेबल टेनिस युनियन ही खंडातल्या टेबल टेनिसची शिखर संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी बुडापेस्टला पहिली युरोपियन अजिंक्यपद स्पर्धा भरली आणि झोल्तान बेर्चिक पहिला विजेता ठरला. मग देशोदेशींच्या विजेत्या क्लबांची स्पर्धा आली. 1971 पासून खंडातल्या निवडक बारा खेळाडूंची 'टॉप ट्वेल्व्ह' सुरू झाली. आता तिथे सोळा जण खेळतात.

आमच्या मते युनियनचं खरं काम हेच. कार्यालय, ठराव, नियमावली हे सगळं हवंच. पण हंगेरीच्या पोराला वारंवार स्वीडनच्या, जर्मनीच्या, युगोस्लाव्हियाच्या पोराशी झुंजायला मिळालं, हे फार मोलाचं. बलाढ्य प्रतिस्पर्धी वर्षातून एकदाच भेटला, तर त्याचा खेळ उमगणार कसा?

स्वीडननं तर आणखी पुढचं पाऊल टाकलं. ज्यांच्याकडून हार पत्करली त्यांच्याकडूनच शिकायचं ठरवलं. जपानचा माजी विश्वविजेता इचिरो ओगिमुरा यानं स्वीडिश खेळाडूंना धडे दिले. 1971 मध्ये नागोयाला, जपानच्याच भूमीवर, अठरा वर्षांचा स्टेलान बेंग्टसन विश्वविजेता झाला. 1989 मध्ये डॉर्टमुंडच्या सांघिक अंतिम सामन्यात स्वीडननं चीनला 5-0 असं धूळ चारली. वाल्डनर, पेर्सन, आपेलग्रेन! त्या सामन्याचं नाव काढलं की आजही अंगावर काटा येतो. याच यान-ओव्ह वाल्डनरनं 1992 मध्ये बार्सिलोनात ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. एकेरीत हे सुवर्ण मिळवणारा तो आजवरचा एकमेव युरोपियन.

आज युनियनचं मुख्यालय लक्झेंबर्गला आहे. युरोपियन अजिंक्यपद एका वर्षी वैयक्तिक, तर पुढच्या वर्षी सांघिक होतं. जर्मनीच्या टिमो बोलनं एकेरीत ते आठ वेळा जिंकलं. विश्वविजेतेपद मात्र त्याच्या हाती कधीच लागलं नाही.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या ट्रुल्स मोरेगार्डनं जागतिक क्रमवारीत पहिल्या असलेल्या वांग चुचिनला हरवलं आणि थेट अंतिम फेरी गाठली. तिथे चीनचा फान चेनतोंग सरस ठरला. कांस्यपदक फ्रान्सच्या फेलिक्स लेब्रूंनं पटकावलं, आणि त्याच वर्षी लिंझला त्याचा थोरला भाऊ अलेक्सी युरोपचा विजेता झाला. मोरेगार्ड आणि लेब्रूं बंधू, तिघेही अजून पंचविशीच्या आतबाहेर आहेत, आणि पुढचं ऑलिंपिक 2028 मध्ये लॉस एंजेलिसला आहे.