थांबत नाही ती आकडी

(भिंतीवरचं घड्याळ. फक्त सेकंदकाट्याचा आवाज.)

आकडी आली की घरात एकच धावपळ. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतं, कुणी चप्पल शोधतं, कुणी दातांत चमचा घालायला जातं. घड्याळाकडे कुणी बघत नाही. आणि दवाखान्यात पहिला प्रश्न तोच येतो: किती वाजता सुरू झाली?

बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप ओसरतात. मोठी, सर्वांगाला झटके देणारी आकडी पाच मिनिटांच्या पुढे गेली, की ती आपणहून थांबेल हा भरवसा धरता येत नाही. हे 'स्टेटस एपिलेप्टिकस'. वॉर्डात नुसतंच 'स्टेटस'.

पहिलं औषध लोराझेपाम किंवा मिडाझोलाम. २०१२ साली अमेरिकेत रुग्णवाहिकांमध्ये झालेल्या चाचणीत गंमतच झाली. शिरेतून लोराझेपाम दिलेल्या शंभरातल्या ६३ जणांची आकडी रुग्णालयात पोहोचेपर्यंत थांबली होती. स्नायूत मिडाझोलाम टोचलेल्यांपैकी ७३ जणांची. झटके देणाऱ्या हातात शीर शोधण्यात वेळ जातो, तो इथे वाचला.

वेळेचा एवढा बाऊ कशासाठी?

(मेंदूतल्या पेशीचं रेखाटन.)

मेंदूतल्या पेशींना शांत करणारं रसायन म्हणजे गाबा. पेशीच्या पृष्ठभागावर त्याचे रिसेप्टर, म्हणजे ते जिथे जोडलं जातं त्या जागा, असतात आणि मिडाझोलाम त्यांच्याच आधारानं काम करतं. आकडी लांबली की पेशी हे रिसेप्टर आत ओढून घेते. उलट चेतवणारे एनएमडीए रिसेप्टर वर येऊ लागतात. औषध तेच, डोस तोच. पण ज्या दारावर थाप मारायची, ते दारच जागेवर नाही.

मग दुसरी फळी: लेव्हेटिरासिटाम, फॉसफेनिटॉइन, व्हॅलप्रोएट. यातलं सरस कोणतं, हा डॉक्टरांचा जुना वाद. २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत त्यांचं यश निघालं अनुक्रमे ४७, ४५ आणि ४६ टक्के. वाद मिटला. पण निम्म्याहून अधिक रुग्णांचं तेवढ्यानं भागलं नाही, हेही त्याच टक्केवारीत आहे.

(आयसीयू. व्हेंटिलेटरचा संथ आवाज.)

आता भूल. मिडाझोलामची सलग ड्रिप, प्रोपोफॉल, थायोपेंटोन. यांनी रक्तदाब कोसळू शकतो. केटामाइनचं तसं सहसा होत नाही. शिवाय ते वर आलेल्या एनएमडीए रिसेप्टरनाच अडवतं.

अंग निपचित पडतं. नातेवाइकांना वाटतं, थांबली. पण ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर आकडी चालूच असू शकते, म्हणून डोळा रुग्णाइतकाच पडद्यावर ठेवावा लागतो. तिथे हवं असतं ते हे: लाटा जवळजवळ सपाट, मध्येच एखादा उसळलेला झुबका. असं एक-दोन दिवस राखून मग ड्रिप हळूहळू उतरवतात.

भूल देऊन चोवीस तास झाले तरी आकडी चालू राहिली, किंवा ड्रिप उतरवताना परतली, तर 'सुपर-रिफ्रॅक्टरी', भुलीलाही न जुमानणारी. मग मुळाचा शोध. प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटली असेल, तर स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं), प्लाझ्मा म्हणजे रक्तातला द्रव बदलणं. तान्ह्या बाळाला ब-६ जीवनसत्त्व देऊन बघतात. नाकातल्या नळीतून भरपूर स्निग्धांशाचा कीटोजेनिक आहारही देतात.

(पुन्हा पडदा.)

सकाळची पाळी. ड्रिपचा वेग आणखी एक पायरी खाली. दाराबाहेर आई विचारते, "डोळे उघडले का?" नर्स म्हणते, "अजून औषध उतरायचंय, मावशी."