पुण्यात पोस्टिंग आलंय? फ्लॅटच्या आधी लॉबीतली पाटी बघा

[कॅमेऱ्यासमोर काळी लोखंडी पेटी. झाकणावर पांढऱ्या रंगातली अक्षरं.]

ही आमची पेटी. फौजेतल्या घरांना वेगळं सांगायला नको. झाकणावर नाव, नंबर, युनिट आणि खाली स्टेशन. आत्ता ‘पुणे’ लिहिलंय. जरा तिरकं धरलं की त्याच्याखाली बबिना दिसतं, त्याच्याखाली बिन्नागुडी, आणि दोनदा काळा रंग मारूनही जे जात नाही ते पठाणकोट.

हे बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर रेजिमेंटमध्ये. त्यामुळे खडकी म्हणजे ह्यांचं माहेरच. मी सातारा जिल्ह्यातली. पुण्याचा सिग्नल, म्हणजे बदलीचा आदेश, आला तेव्हा मी ट्रंकेवर बसून नाचायची बाकी होते. आपलं राज्य, आपली भाषा, बाजारात भाव करताना हिंदी जुळवायला नको. आणि खरं सांगते, माझ्या सगळ्या पोस्टिंगांत सगळ्यात एकटी मी इथंच पडले. पहिले चार महिने.

त्यावरच आजचा व्हिडिओ आहे. पोस्टिंग पुण्यात आली, क्वार्टर लगेच मिळत नाहीये, बाहेर भाड्यानं राहायचंय, तर राहायचं कुणात? कुठे राहायचं ते पाचव्या मिनिटाला सांगते. आधी कुणात.

आता क्वार्टर का मिळत नाही ते एका दमात. पुणे हे पीस स्टेशन, म्हणजे कुटुंबासोबत राहता येतं असं ठिकाण, सगळ्यांनाच हवं असतं. सदर्न कमांडचं हेडक्वार्टर इथं. फौजेचं मेडिकल कॉलेज एएफएमसी आणि कमांड हॉस्पिटल वानवडीला, सॅपर्सचं सेंटर खडकीला, फौजेचं इंजिनिअरिंग कॉलेज सीएमई दापोडीला, एनडीए खडकवासल्याला, एअर फोर्स लोहगावला, डेपो देहूरोडला. एकाच शहरात तीन कॅन्टोन्मेंट, पुणे, खडकी आणि देहूरोड. क्वार्टरची यादी लांबच लांब. नंबर लागेपर्यंत बाहेर.

आम्ही काय केलं? हे आठ दिवसांची सुट्टी टाकून आले, तीन दिवसांत अकरा फ्लॅट बघितले. पाणी आहे का, लिफ्ट आहे का, सेंटरला जायला किती वेळ लागतो, भाडं किती. एक घेतला. छान होता. पूर्वेला खिडकी, मॉड्युलर किचन. पाच महिन्यांत ह्यांना फील्ड लागलं, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशी पोस्टिंग, आणि मी त्या मॉड्युलर किचनमध्ये दोन मुलांना घेऊन एकटी.

तेव्हा डोक्यात आलं, की आम्ही ते घर दोघांच्या हिशोबानं बघितलं होतं. फौजीच्या बायकोनं घर बघायचं ते नवरा नसतानाच्या दिवसांसाठी. तो असेल तेव्हा कुठलंही घर चालतं हो. चिखलात तंबू ठोकला तरी चालतो.

बिन्नागुडीचं सांगते. उत्तर बंगाल, चारी बाजूंना चहाचे मळे, रात्री कॅम्पात हत्ती शिरायचे. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी गॅस जोडलेला नव्हता. शेजारच्या पंजाबी भाभी न विचारता राजमा-चावलचं पातेलं ठेवून गेल्या. समोरच्या तमिळ भाभींनी मुलाला आंघोळीला गरम पाणी दिलं. ह्यात त्यांचा मोठेपणा आहेच, पण कारणही आहे. लाइनमध्ये, म्हणजे फौजी क्वार्टरांच्या वस्तीत, सगळेच उपटून आणलेले. कुणाचंच कुणी नाही, म्हणून सगळे सगळ्यांचे. पुण्यातल्या सोसायटीत तसं नसतं. तिथल्या माणसांची मावशी कोथरूडला असते, भाऊ चिंचवडला असतो, शाळेतले मित्र अजून भेटतात. त्यांना नव्या माणसाची गरज नसते. ते वाईट नाहीत, भरलेले आहेत. आपल्याला जागा शोधायची ती अशा ठिकाणी, जिथं थोडी फट आहे.

[पेटीवर बसून]

ती फट कशी ओळखायची? माझ्या तीन-चार खुणा आहेत. एजंटला ह्यातलं काही विचारू नका, तो सगळ्याला हो म्हणतो.

इमारतीत शिरलात की लॉबीत नावांची पाटी असते. फ्लॅट नंबर, पुढे नाव. ती नीट वाचा. बहुतेक पाट्यांवर फक्त मालकांची नावं असतात, ते मालक अमेरिकेत असले तरी. पण काही सोसायट्यांत भाडेकरूचं नाव छोट्या पट्टीवर लावलेलं असतं. दोन रुपयांची पट्टी ती. पण तिथल्या सेक्रेटरीच्या डोक्यात ‘इथं राहतो तो इथला’ असा हिशोब आहे, हे मला त्या पट्टीवरून कळतं.

दुसरं, गणपती. वॉचमनला विचारा, गणपतीची वर्गणी भाडेकरूंकडून घेतात का? घेतातच. मग पुढचा प्रश्न, भाडेकरूंना आरतीचा मान मिळतो का? माझ्या पहिल्या सोसायटीत दहा दिवसांच्या वीस आरत्यांची यादी लागली होती. सगळे मालक. माझा धाकटा रोज टाळ घेऊन खाली जायचा आणि यादीत आईचं नाव शोधायचा. घर बदललं, त्या दुसऱ्या सोसायटीत सातव्या दिवशीची संध्याकाळची आरती माझ्याकडे होती, आणि हे नव्हते म्हणून ताट धरायला शेजारचे आजोबा उभे राहिले.

मग बघायला जायचं ते संध्याकाळी सात वाजता. रविवारी दुपारी सगळ्या सोसायट्या सारख्याच दिसतात, झोपलेल्या. सातला बघा, मुलं खाली खेळतायत का, की ‘बॉल खेळण्यास सक्त मनाई’ची पाटी आणि रिकामं पार्किंग. बायका बाकावर आहेत का, आणि त्या बाकावर साडी, सलवार, गाऊन असं मिसळलेलं आहे का. इस्त्रीवाल्याशी पाच मिनिटं बोला. त्याला प्रत्येक मजल्याचं माहीत असतं.

आणि हे बोलायला जरा जड जातं, पण बोलते. घर दाखवताना मालक विचारतात, ‘आडनाव काय?’ मग ‘मूळचे कुठले?’ मग ‘नॉनव्हेज खाता का?’ वर्दीवाले म्हटल्यावर आपल्याला वाटतं हे प्रश्न आपल्याला नाहीत. असतात. आणि आपल्याला नसले तरी आपल्याच युनिटमधल्या दुसऱ्या कुणाला असतात. युनिटमध्ये सगळे एका लंगरात जेवतात, आणि बाहेर त्यातल्याच एकाला घर मिळत नाही. जिथं पहिल्या दोन मिनिटांत आडनावावरून माणूस तोलला जातो, तिथं मी आता चप्पलही काढत नाही. भाडं दोन हजारांनी कमी असलं तरी.

बरं, आता भाग. तुमचं ऑफिस कुठे आहे त्यावर बरंच ठरतं, कारण पुण्यात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं म्हणजे आयुष्य संपवणं.

वानवडी, फातिमानगर, साळुंखे विहार, कोंढव्याचा अलीकडचा भाग. कमांड हॉस्पिटल आणि एएफएमसी जवळ. साळुंखे विहार तर आर्मी वेल्फेअर हाउसिंगनं वसवलेलं, त्यामुळे रिटायर्ड मंडळी पावलोपावली. वातावरण लाइनसारखंच, बोलणं हिंदी-इंग्रजी. ज्यांना लाइनच्या बाहेर लाइन हवी त्यांना बरं. भाडं मात्र जवानाच्या पगाराला टोचतं.

दिघी, विश्रांतवाडी, धानोरी, आळंदी रोड. मी इथं आहे, त्यामुळे माझं मत एकतर्फी समजा. सेंटर जवळ, आणि पेन्शन झाल्यावर सातारा, सांगली, नगरकडच्या कितीतरी जवानांनी इथं गुंठा-दीड गुंठ्यात घर बांधलंय. संध्याकाळी ओट्यावर बसलेला माणूस सरळ बसला असेल तर ओळखायचं. इथं फट भरपूर आहे, कारण अर्धी वस्ती बाहेरून आलेली. धानोरी-लोहगावकडे उन्हाळ्यात टँकर मागवायला लागतो, त्याचा खर्च कुणावर ते आधी विचारा. आणि लोहगावजवळ घेतलंत तर सुखोईच्या आवाजाची सवय करा. माझ्या मुलानं ती आठवड्यात केली, मला दोन महिने लागले.

सीएमई किंवा औंध कॅम्प असेल तर सांगवी, पिंपळे गुरव, पिंपळे निलख. तिथंही माजी सैनिक खूप, आणि दापोडी-बोपोडीवरून मेट्रो आहे ही मोठी सोय. एनडीए असेल तर शिवणे, उत्तमनगर. देहूरोडला किवळे, रावेत, विकासनगर. भाड्यानं राहणाऱ्याला काही अडचण नाही, पण रिटायरमेंटसाठी जागा घ्यायचा विचार असेल तर ‘रेड झोन’ हा शब्द पाठ करा. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती 2000 यार्डांच्या पट्ट्यात बांधकामाला बंदी आहे. दिघीच्या मॅगझिनभोवती, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठाराभोवतीही, रेड झोन आहे. गुंठा स्वस्त मिळतोय म्हटल्यावर आधी तो नकाशा बघायचा. आपल्याच फौजेच्या डेपोमुळे आपल्याच हवालदाराचं घर अनधिकृत ठरलंय, असं मी एकदा बघितलंय. हसावं की रडावं.

कागदांचं थोडक्यात. लिव्ह अँड लायसन्स करार महाराष्ट्रात लेखी आणि नोंदणीकृतच हवा, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. करारात लॉक-इन, म्हणजे ठरावीक मुदतीआधी घर सोडता येणार नाही अशी अट, असेल तर एक ओळ घालून घ्या, ‘बदलीचा आदेश आल्यास एक महिन्याच्या नोटिशीवर लॉक-इन लागू राहणार नाही.’ बहुतेक मालक मान्य करतात, फौजी भाडं वेळेवर देतो आणि घर अडवून बसत नाही हे त्यांना माहीत असतं. सोसायटी भाडेकरू ठेवल्याबद्दल मालकाकडून जो जास्तीचा आकार घेते, तो सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. मालक तो तुमच्यावर ढकलत असेल तर आकडा निदान तपासा. आणि ह्यांना फील्ड लागलं की एसएफ, म्हणजे सेपरेटेड फॅमिली क्वार्टरचा अर्ज लगेच टाकायचा, फील्डला गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी असतात ती. युनिटच्या बडे बाबूंना, म्हणजे हेडक्लार्कना विचारा, रिअर पार्टीचा, म्हणजे युनिट गेल्यावर मागं राहिलेल्या तुकडीचा, नंबर फ्रिजवर चिकटवा.

शाळा. केंद्रीय विद्यालयातून केंद्रीय विद्यालयात येत असाल तर टीसीवर काम होतं. नव्यानं प्रवेश घ्यायचा असेल तर मागच्या 7 वर्षांत किती बदल्या झाल्या ते मोजतात, तेव्हा सगळे मूव्हमेंटचे, म्हणजे बदलीचे, कागद जपून ठेवा. खासगी शाळेत टाकणार असाल तर 2020 च्या कायद्यानं महाराष्ट्रात मराठी विषय सक्तीचा आहे. जम्मूहून आठवीत आलेल्या मुलाला सवलत मिळेल का, हे प्रवेशाआधी मुख्याध्यापकांना विचारायचं, नंतर नाही. माझा मोठा साताऱ्याचा असूनही ‘ळ’ पठाणकोटी काढायचा. वर्गात हसायचे. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला बसवलं, बदल्यात तो त्यांच्या फोनवर मुलीला व्हिडिओ कॉल लावून द्यायचा.

त्याच काकूंचं शेवटचं सांगते. ह्यांना फील्ड लागल्यावरचा जुलै, पाऊस, रात्रीचे अडीच. धाकट्याला दम्याचा झटका आला. फोनवर ह्यांचा आवाज येत नव्हता, नेटवर्क नाही. मी पोराला उचलून जिना उतरले तर काकांच्या घरात दिवा. ते पीएमपीएमएलचे ड्रायव्हर, पहाटेची ड्युटी, चहा करत होते. त्यांनी विचारलंसुद्धा नाही काय झालं. पुतण्याची रिक्षा काढली आणि खडकीच्या एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलला नेलं. गेटवरच्या जवानानं कार्ड मागितलं, ते मी घरीच विसरलेले. काका म्हणाले, ‘सुभेदारसाहेबांची मिसेस आहे, मी सांगतो ना.’ हे तेव्हा नायब सुभेदारसुद्धा नव्हते, हवालदार होते. बढती काकांनी दिली.

काका फौजी नाहीत, हे लक्षात घ्या. मीही आधी फौजीच शेजार शोधत होते. चार महिने एकटी पडले त्यात अर्धा दोष माझाही होता. कॅन्टीन आत, एमएच आत, मुलांची शाळा आत, आणि बाहेर फक्त झोपायला. अर्ध्या पेट्या मी उघडल्याच नव्हत्या, ‘दोन वर्षांत परत बांधायच्याच आहेत’ म्हणून. काकू एकदा मीठ मागायला आल्या, पेट्या बघितल्या आणि म्हणाल्या, ‘अगं, आलीस का जायला निघालीस?’

दुसऱ्या दिवशी मी पितळी डबे काढून फळीवर लावले.

[पेटीवरच्या ‘पुणे’ अक्षरांवर हात फिरवत]

ह्यांचा सिग्नल कधीही येईल, रंगाचा डबा आणून ठेवलाय. पण लॉबीतल्या पाटीवर, 203 समोर, मालकांच्या नावाखाली आमची पट्टी आहे. जाताना ती काढून न्यायची परवानगी मी सेक्रेटरींकडून आधीच घेऊन ठेवलीये.

थांबते आता, धाकट्याची रिक्षा यायची वेळ झाली.