भिंतीवरची बातमी

अध्यक्षमहाराज आणि श्रोतेहो,

बांगलादेशचे छायापत्रकार शाहिदुल आलम यांच्या कारकिर्दीविषयी बोलण्याचे मी कबूल केले आहे, पण आधी माझ्या मनात बरीच वर्षे घोळत असलेले एक मत मांडतो. एखाद्या छायापत्रकाराने कलादालन काढले की ‘हे आता बातमी सोडून कलेकडे वळले’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि ती मला मुळातच चुकीची वाटते. मी स्वतः एका दैनिकात छायाचित्रकार होतो. दुष्काळात टँकरभोवती उडालेली झुंबड मी एकदा टिपली होती. त्या चित्राचा सारा जीव उजव्या कोपऱ्यात, रिकामी कळशी पोटाशी धरून गर्दीबाहेर उभ्या राहिलेल्या मुलीत होता. सकाळी अंक हाती आला तेव्हा जाहिरातीला जागा करण्यासाठी नेमका तोच कोपरा कापलेला होता. ती मुलगी अजून माझ्या निगेटिव्हवरच आहे. स्वतःची भिंत असती तर ती लोकांना दिसली असती, म्हणून दालन हा मला बातमीचाच पुढचा मुक्काम वाटतो.

आलम लंडन विद्यापीठाची रसायनशास्त्रातली डॉक्टरेट घेऊन १९८४ मध्ये ढाक्याला परतले, लष्करशहा इर्शाद यांच्या राजवटीविरुद्धचे आंदोलन त्यांनी टिपले आणि १९८९ मध्ये ‘दृक’ ही छायाचित्रसंस्था उभी केली. तिच्या धानमंडीतल्या दालनात २२ मार्च २०१० रोजी ‘क्रॉसफायर’ हे त्यांचे प्रदर्शन उघडायचे होते. आपल्याकडे ‘एन्काउंटर’ हा शब्द जे झाकतो, तेच तिकडे ‘क्रॉसफायर’ झाकतो. रॅपिड अ‍ॅक्शन बटालियन या तिथल्या विशेष पोलीस दलाच्या हातून मारल्या गेलेल्यांविषयीच्या त्या प्रदर्शनात कोणाचे प्रेत दाखवलेले नव्हते. अंधारात बॅटरीच्या झोतापुरते उजळलेले भातखाचर दिसते, त्यात माणूस नाही, आणि तो का नाही हे पाहणाऱ्याला ठाऊक असते. परवानगी नसल्याचे कारण देऊन पोलिसांनी दालनाची वाट अडवली. उद्घाटनासाठी महाश्वेतादेवी आल्या होत्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या त्या लेखिकेने बंद दालनासमोर, रस्त्यावर उभे राहूनच प्रदर्शन खुले झाल्याचे जाहीर केले. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले, पोलीस हटले आणि लोकांनी ती चित्रे पाहिली. हे ज्याने घडवले तो बातमी सोडून गेला, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

वेळ संपत आल्याची चिठ्ठी माझ्यापुढे आली आहे, त्यामुळे गुरू म्हणून त्यांनी केलेले काम, जो आजचा खरा विषय होता, तो थोडक्यात सांगावा लागेल. १९९८ मध्ये त्यांनी ‘पाठशाला’ ही छायाचित्रणाची शाळा सुरू केली आणि त्यानंतर ‘छबी मेळा’ हा आंतरराष्ट्रीय छायाचित्र महोत्सव. २०१३ मध्ये राना प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळल्यावर ढिगाऱ्यात एकमेकांना मिठी मारलेल्या दोघांचे जे चित्र जगभर गेले, ते काढणाऱ्या तस्लिमा अख्तर याच पाठशालेत शिकल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये, विद्यार्थ्यांच्या आंदोलनाविषयी बोलल्यानंतर, आलम यांना घरातून उचलून नेण्यात आले आणि ते शंभराहून अधिक दिवस कोठडीत राहिले. नोव्हेंबरमध्ये ते जामिनावर सुटले, आणि फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीस दहावा छबी मेळा ढाक्यात भरला.