ताईंची पिशवी

सांगली. गोकुळनगर, इथली वेश्यावस्ती. सकाळचे अकरा वाजलेत, पण रात्रभर जागलेली गल्ली आत्ता कुठे उठतेय. नळाला पाणी आलंय. ओट्यावर कुणी केस विंचरतंय. कानावर मराठीइतकीच कानडी पडते. काही जणींच्या गळ्यात यल्लम्मा देवीचे लाल-पांढरे मणी, देवदासीची खूण.

(पिशवीचा क्लोज-अप)

ताईंच्या खांद्यावरची ही पिशवी. आत निरोधची पाकिटं. दारोदार थांबायचं आणि हिशेब करायचा. मागच्या आठवड्यात किती नेली, किती उरली, गिऱ्हाईक किती आलं. मेळ बसला नाही, की ताई आत जाऊन बसतात. बाहेरच्या माणसाला हा हिशेब कुणी देणार नाही. ताई स्वतः याच धंद्यातल्या.

१९९२ साली 'संग्राम' संस्थेनं सांगलीत एचआयव्ही रोखण्याचं काम सुरू केलं, ते वस्तीतल्या बायकांच्याच हाती देऊन. १९९६ मध्ये या बायकांची स्वतःची संघटना उभी राहिली: वेश्या अन्याय मुक्ती परिषद. 'आमची सुटका करू नका' असं ठणकावून सांगणाऱ्या या बायका.

पिऊन आलेलं गिऱ्हाईक म्हणतं, दुप्पट देतो, पण निरोध नको. भाडं थकलेलं असतं, सावकार दारात असतो. एकटीनं नाही म्हटलं, तर तो शेजारच्या दारात जातो. अख्ख्या गल्लीनं नाही म्हटलं, तर जाणार कुठं? सगळी मेख इथं आहे.

(तपासणी)

बोटाला टोचणी, रक्ताचा एक थेंब, पट्टीकडे लागलेले डोळे. दर सहा महिन्यांनी. सोबत गरमीचीही, म्हणजे सिफिलिसची तपासणी, कारण गुप्तरोगाच्या जखमेतून एचआयव्हीला वाट सोपी होते.

पिशवी अडते ती मात्र मालकापाशी. मालक म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, जीव लावलेला माणूस. त्याच्यासमोर पाकीट काढलं, की तो विचारतो, "माझ्यावर भरवसा नाही?" मग पाकीट उशाखालीच राहतं.

१९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमध्ये तपासलेल्या बायकांपैकी निम्म्याहून जास्त एचआयव्हीबाधित निघत. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशभरातल्या या धंद्यातल्या बायकांमधलं प्रमाण १.८५ टक्के, तरीही सर्वसाधारण प्रौढांच्या जवळपास नऊपट. एचआयव्हीला काबूत ठेवणारी एआरटीची औषधं सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली ती २००४ पासून. त्याआधी गेलेल्या या.

(भिंतीवरचे फोटो. निवेदन नाही.)

आता बऱ्याच मुली गल्लीत राहतच नाहीत. फोनवर ठरतं, लॉजवर जायचं. तिथं ना ओटा, ना शेजारचं दार, ना एकमुखानं नाही म्हणणाऱ्या बायका. आमचा कॅमेराही तिथं पोचला नाही.

दुपार. ताई पिशवी पुन्हा भरतात. पाकिटांवर मोबाइल ठेवतात, पुन्हा काढतात, एक नंबर लावतात. रिंग वाजतेय.