पहिला क्रमांक बचावपटूला : ह्यूस्टन, २००६

२८ एप्रिल २००६. शुक्रवारची संध्याकाळ. न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक फुटबॉलचा ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) सुरू व्हायला अजून एक रात्र बाकी असतानाच ह्यूस्टन टेक्सन्स या संघाने आपली निवड जाहीर करून टाकली. संपूर्ण ड्राफ्टमधला पहिला हक्क त्यांचा होता आणि तो त्यांनी मारिओ विल्यम्स या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या एकवीस वर्षांच्या डिफेन्सिव्ह एंडसाठी, म्हणजे बचावफळीच्या टोकावर खेळणाऱ्या खेळाडूसाठी, वापरला होता. करार सहा वर्षांचा आणि ५ कोटी ४० लाख डॉलरचा होता. त्यातले २ कोटी ६५ लाख डॉलर काहीही झाले तरी त्याला मिळणार होते. दुसऱ्या दिवशी व्यासपीठावरून त्याचे नाव अधिकृतपणे पुकारले गेले, तेव्हा ह्यूस्टनमध्ये जमलेल्या टेक्सन्सच्याच चाहत्यांनी आपल्या या नव्या खेळाडूची हुर्यो उडवली.

विल्यम्सबद्दल या चाहत्यांचे काही वाईट मत होते असे नाही. बहुतेकांना त्याच्याबद्दल फारसे मतच नव्हते. राग होता तो ज्यांना घेतले नाही त्यांच्यासाठी.

ड्राफ्ट हा आयपीएलसारखा लिलाव नव्हे. त्यात बोली लागत नाही आणि विद्यापीठातून येणाऱ्या खेळाडूला आपला संघही निवडता येत नाही. बत्तीस संघ सात फेऱ्यांमध्ये आळीपाळीने खेळाडू निवडतात आणि आदल्या मोसमात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला पहिली संधी मिळते. २००२ मध्येच मैदानात उतरलेल्या टेक्सन्सने २००५ च्या मोसमात सोळांपैकी चौदा सामने गमावले होते. १ जानेवारी २००६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध झालेल्या त्यांच्या शेवटच्या सामन्यात हरणाऱ्याचाच फायदा होता, कारण पराभवाबरोबर ड्राफ्टचा पहिला क्रमांक पक्का होणार होता. टेक्सन्स जादा वेळेत २०-१७ असे हरले. त्या सामन्याला गमतीने रेजी बुशचे नाव देण्यात आले होते, इतके सगळे गृहीत धरून चालले होते की हा क्रमांक त्याच्याचसाठी आहे.

रेजी बुश हा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा रनिंग बॅक. चेंडू घेऊन धावताना त्याने त्या मोसमात १,७४० यार्ड अंतर कापले होते आणि दर धावेमागे त्याची सरासरी ८.७ यार्ड पडली होती. विद्यापीठीय फुटबॉलमधील सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी त्यालाच मिळाली होती. दुसरा पर्याय त्याहून जिव्हाळ्याचा होता. टेक्सास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू) व्हिन्स यंग हा ह्यूस्टनमध्येच वाढलेला मुलगा. ४ जानेवारी २००६ च्या रोझ बोल या विद्यापीठीय अंतिम सामन्यात, सामना संपायला १९ सेकंद उरलेले असताना, त्याने स्वतः धावत चेंडू मैदानाच्या टोकापार नेऊन निर्णायक टचडाउन केले आणि बुशच्याच संघाला ४१-३८ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद टेक्सासला मिळवून दिले. एकीकडे देशातला सर्वांत देखणा धावपटू आणि दुसरीकडे घरचा नायक असताना संघाने तिसऱ्याचेच नाव घेतले, आणि तेही बचावपटूचे.

बचावपटू का, हे समजण्यासाठी आपल्याला कबड्डीकडे पाहता येईल. प्रेक्षकांच्या तोंडी नाव चढाईपटूचे असते. पण कोपऱ्यावर उभा राहणारा खेळाडू पक्का असेल, तर त्या बाजूला जाण्यापूर्वी चढाईपटू दोनदा विचार करतो, आणि जी चढाई झालीच नाही तिचा हिशेब गुणफलकावर कुठेच दिसत नाही. डिफेन्सिव्ह एंडचे काम बरेचसे असेच असते. समोरच्या फळीच्या टोकावरून आत घुसून क्वार्टरबॅकला त्याने चेंडू फेकण्याआधीच जमिनीवर पाडले, तर त्याला सॅक म्हणतात आणि त्याची नोंद होते. दोघांनी मिळून पाडले, तर प्रत्येकाच्या खात्यात अर्धा सॅक जमा होतो. परंतु त्याच्या धाकाने क्वार्टरबॅकने घाईघाईत फेकलेला चेंडू, किंवा त्याला आवरण्यासाठी प्रतिस्पर्ध्याने अडकवून ठेवलेला एक जादा माणूस, यांची नोंद त्या काळी सर्वसामान्य प्रेक्षकापर्यंत पोहोचतच नव्हती.

टेक्सन्सचे महाव्यवस्थापक चार्ली कॅसरली आणि जानेवारीत नव्यानेच नेमलेले मुख्य प्रशिक्षक गॅरी कुबियाक यांच्यापुढचा खरा प्रश्न इंडियानापोलिसमध्ये होता. पेटन मॅनिंग हा त्या काळातला सर्वांत धूर्त क्वार्टरबॅक इंडियानापोलिस कोल्ट्सकडे होता, कोल्ट्स टेक्सन्सच्याच गटात होते, त्यामुळे दर वर्षी त्यांच्याशी दोनदा गाठ पडत असे, आणि स्थापनेपासून टेक्सन्सने त्यांना एकदाही हरवलेले नव्हते. मॅनिंगला थांबवण्याचा एकच भरवशाचा मार्ग होता, आणि तो त्याच जानेवारीत पिट्सबर्ग स्टीलर्सने दाखवून दिला होता : बाद फेरीच्या सामन्यात त्यांनी मॅनिंगला पाच वेळा सॅक केले आणि मोसमात सोळांपैकी चौदा सामने जिंकलेल्या कोल्ट्सना २१-१८ असे घरी बसवले.

सॅकची किंमत काय असते, हे तर टेक्सन्सइतके दुसऱ्या कुणालाच ठाऊक नसावे. २००२ च्या ड्राफ्टमधला त्यांचा पहिला क्रमांक डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक होता आणि पहिल्याच मोसमात तो ७६ वेळा सॅक झाला, जो लीगमधील विक्रम ठरला. २००५ मध्ये पुन्हा ६८ वेळा. एवढा मार खाल्लेल्या क्वार्टरबॅकच्या नजरेतून खेळ कसा उद्ध्वस्त होतो, हे त्या संघाने चार वर्षे जवळून पाहिले होते. (मग आधी त्याचे रक्षण करणारा खेळाडू का घेतला नाही, हा प्रश्न रास्त आहे. टेक्सन्सने तिसऱ्या फेरीत असे दोन खेळाडू घेतले. पण कारच्या दृष्टीने ते उशिरा सुचलेले शहाणपण होते.) तरीही संघाने ड्राफ्टच्याच वर्षी कारचा करार पुढे वाढवला, आणि त्याबरोबर व्हिन्स यंगसाठीचे दार जवळजवळ बंद झाले. माझ्या मते त्या वसंतातली खरी चूक कोणती असेल, तर ती ही. विल्यम्सची निवड नव्हे.

बुशच्या बाबतीत कुबियाक यांचा पूर्वानुभव महत्त्वाचा ठरला. अकरा मोसम ते डेन्व्हर ब्रॉन्कोसमध्ये आक्रमणाची आखणी करणाऱ्यांपैकी एक होते. तिथे सहाव्या फेरीत घेतलेल्या टेरेल डेव्हिसने १९९८ मध्ये २,००८ यार्ड धावून दाखवले आणि २००० मध्ये सहाव्याच फेरीतून आलेल्या माइक अँडरसनने पहिल्याच वर्षी १,४८७. ज्याने असे धावपटू जवळजवळ फुकटात घडताना पाहिले आहेत, तो पहिला क्रमांक धावपटूवर सहजासहजी खर्च करत नाही.

आता खुद्द विल्यम्सकडे वळू. दर वर्षी ड्राफ्टपूर्वी इंडियानापोलिसमध्ये होणाऱ्या शारीरिक चाचण्यांमध्ये त्याने जे केले, त्याने जाणकारही चकित झाले होते. उंची साडेसहा फुटांहून अधिक, वजन १३४ किलोंच्या घरात. आणि असा देह घेऊन त्याने ४० यार्ड सुमारे ४.७ सेकंदांत पार केले, उभ्या जागेवरून ४० इंचांहून उंच उडी मारली आणि १०२ किलोंचा भार ३५ वेळा उचलला. शेवटच्या विद्यापीठीय मोसमात त्याच्या नावावर साडेचौदा सॅक होते. पण याच ठिकाणी निवड करणाऱ्याची परीक्षा असते, कारण चाचणीत मोजली जाते ती शक्ती, आणि मैदानावर लागते ती सवय. प्रत्येक खेळीत तो सारखाच जोर लावत नाही, असा आक्षेप त्याच्यावर घेतला जात होता. शिवाय त्याच्या शेजारी उभे राहणारे मॅनी लॉसन आणि जॉन मॅकार्गो हेही त्याच ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडले गेले. एकाच विद्यापीठाच्या आघाडीच्या फळीतले तिघे पहिल्या फेरीत जातात, तेव्हा कोणाच्या यशात कोणाचा वाटा किती, हे चित्रफिती कितीही वेळा पाहिल्या तरी पूर्णपणे उलगडत नाही. कॅसरली आणि कुबियाक यांनी शक्तीवर पैज लावली.

पहिले वर्ष या दोघांच्या टीकाकारांचे होते. बुश दुसऱ्या क्रमांकावर न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे गेला, त्याने ८८ झेल घेतले, आणि कॅटरिना वादळातून सावरणाऱ्या त्या शहराचा संघ सुपर बोल या लीगच्या अंतिम लढतीपासून एका सामन्यावर येऊन थांबला. यंग तिसऱ्या क्रमांकावर टेनेसी टायटन्सकडे गेला. हा तोच संघ, जो ऑयलर्स या नावाने ह्यूस्टनमध्ये खेळत असे आणि १९९७ मध्ये शहर सोडून गेला होता. १० डिसेंबर २००६ रोजी यंग आपल्या गावी आला आणि जादा वेळेत ३९ यार्ड धावत जाऊन त्याने टेक्सन्सना हरवले. ह्यूस्टनच्या जखमेवर याहून नेमके मीठ चोळणे शक्य नव्हते. वर्षातील सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा मानही यंगलाच मिळाला. इकडे विल्यम्स पायाच्या तळव्याच्या दुखण्यासह खेळत होता, आणि मोसमाअखेर त्याच्या खात्यात साडेचार सॅक जमा होते. कॅसरली यांनी तर ड्राफ्टनंतर काही आठवड्यांतच पद सोडले होते.

मात्र त्याच मोसमात, २४ डिसेंबरला, टेक्सन्सने कोल्ट्सना प्रथमच हरवले, २७-२४. त्या दिवशी १५३ यार्ड धावला तो रॉन डेन. १९९९ मध्ये हाइझमन ट्रॉफी जिंकलेला आणि पुढे इतर संघांनी सोडून दिलेला धावपटू. धावपटू स्वस्तात मिळतो, हे कुबियाक यांचे गणित इतक्या लवकर आणि इतक्या थेटपणे सिद्ध होईल, असे त्यांनाही वाटले नसेल.

आणखी एक गोष्ट त्या हुर्यो उडवण्याच्या गदारोळात बुडून गेली होती. दुसऱ्या फेरीच्या आरंभी, म्हणजे ३३ व्या क्रमांकावर, टेक्सन्सने अलाबामा विद्यापीठाचा लाइनबॅकर (बचावाच्या पहिल्या फळीमागे खेळणारा) डेमिको रायन्स याला घेतले होते. २००६ चा सर्वोत्तम नवोदित बचावपटू तोच ठरला. त्या वर्षीच्या ह्यूस्टनच्या निवडींमध्ये उत्तम बचावपटू दोन होते, आणि आधी फळाला आला तो स्वस्तातला.

पाय बरा झाल्यावर विल्यम्सचे दिवस आले. २००७ मध्ये १४ सॅक, २००८ मध्ये १२. १३ डिसेंबर २००७ च्या रात्री, कुबियाक यांच्या जुन्या डेन्व्हर संघाविरुद्ध, त्याने एकट्याने साडेतीन सॅक केले. टेक्सन्सतर्फे त्याचे एकूण ५३ सॅक झाले आणि तो त्या वेळी संघाचा विक्रम होता. त्याच काळात यंगची घसरण सुरू झाली आणि २०११ मध्ये टायटन्सने त्याला मुक्त केले. बुश सेंट्सबरोबर सुपर बोल जिंकला, पण सामन्यामागून सामने एकट्याने फिरवणारा धावपटू म्हणून त्याच्याकडून जी अपेक्षा होती, ती पूर्ण झाली नाही. त्यामुळे २००६ ची निवड योग्यच होती, असे आता बहुतेक जण म्हणतात, आणि मीही म्हणतो. फक्त एक हिशेब त्यात राहून जातो. ज्या कामासाठी त्याला आणले, ते संघाच्या पातळीवर तडीस गेले तेव्हा विल्यम्स मैदानाबाहेर होता. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच्या छातीचा स्नायू फाटला आणि त्याच मोसमात टेक्सन्स प्रथमच गटविजेते होऊन बाद फेरीत पोहोचले. मॅनिंग त्या संपूर्ण वर्षात मानेच्या शस्त्रक्रियेमुळे एकही सामना खेळला नव्हता. २०१२ च्या मार्चमध्ये विल्यम्स १० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकणाऱ्या करारावर बफेलो बिल्सकडे गेला, तिथे २०१४ मध्ये त्याने कारकिर्दीतील सर्वाधिक, साडेचौदा सॅक केले, आणि ९७.५ सॅकवर त्याची कारकीर्द थांबली.

ह्यूस्टनने त्याच्यामागे रक्कम वाढवली नाही, कारण तोवर त्यांना जे. जे. वॉट मिळाला होता. २०११ च्या ड्राफ्टमधील अकरावा क्रमांक. त्याच्याही नावाला चाहत्यांनी हुर्यो दिली होती, आणि पुढे वर्षातील सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कार त्याने तीनदा मिळवला.

२००१ ते २०२५ या पंचवीस ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक फक्त चार बचावपटूंना मिळाला आहे : २००६ मध्ये विल्यम्स, २०१४ मध्ये जॅडेव्हियन क्लाउनी, २०१७ मध्ये माइल्स गॅरेट आणि २०२२ मध्ये ट्रॅव्हॉन वॉकर. चौघेही फळीच्या टोकावरून क्वार्टरबॅकवर चाल करणारे आहेत, आणि त्यांपैकी दोघांना घेणारा संघ एकच, ह्यूस्टन. क्लाउनीचा गुडघा पहिल्याच सामन्यात दुखावला, आणि ह्यूस्टनमधल्या कोणत्याही मोसमात त्याला दहा सॅकचा आकडा गाठता आला नाही. शक्तीवरची पैज प्रत्येक वेळी सारखे फळ देत नाही.

२०२३ मध्ये टेक्सन्सपुढे हाच पेच पुन्हा उभा राहिला, तेव्हा मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीवर डेमिको रायन्स होता. २७ एप्रिलच्या रात्री, कॅन्सस सिटीत, संघाने दुसऱ्या क्रमांकावर सी. जे. स्ट्राउड हा क्वार्टरबॅक घेतला, आणि लगेच ॲरिझोनाशी सौदा करून तिसरा क्रमांकही मिळवला व अलाबामाचा विल अँडरसन हा त्या वर्षीचा अग्रगण्य बचावपटू उचलला. त्या वर्षी सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडू आणि सर्वोत्तम नवोदित बचावपटू हे दोन्ही मान ह्यूस्टनकडे आले. तिसऱ्या क्रमांकासाठी मोजलेल्या किमतीत २०२४ च्या पहिल्या फेरीचा हक्क होता, आणि २०२३ चा तेहतिसावा क्रमांकही.