पडताना काठी सोडा

[दृश्य : पहाट. दिंडोरी तालुक्यातली द्राक्षबाग. कात्री धरलेला हात.]

ऑक्टोबरातली गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, चालू आहे. हा हात माझ्या मावसभावाचा. नीट बघा, कात्री डाव्या हातात आहे. भाऊ उजखोरा आहे.

[दृश्य : औलीचा बर्फाळ उतार.]

फेब्रुवारीत आम्ही स्कीइंग शिकायला उत्तराखंडातल्या औलीला गेलो होतो. नाशिकच्या ट्रेकरला उतारांची भीती नसते. हरिहर किल्ल्याच्या पायऱ्या चढताना कातळातल्या खोबण्यांत बोटं रुतवायची आणि मागून एकच सूचना ऐकायची : पकड सोडू नको. ती सवय आम्ही बर्फावरही नेली.

तिसऱ्या दिवशी, अगदी सौम्य उतारावर, भाऊ पडला. हात टेकला तेव्हा स्कीइंगची काठी मुठीतच होती. ती अंगठा आणि तळव्याच्या बेचक्यात पाचरीसारखी बसली आणि अंगठा बाहेरच्या बाजूला ताणला गेला.

[दृश्य : हाताची आकृती.]

अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याला, तर्जनीकडच्या बाजूने, एक छोटासा अस्थिबंध, म्हणजे हाडांना जोडणारा चिवट पट्टा, असतो. चिमटीत काही धरलं की अंगठा बाहेर कलू नये म्हणून तोच सांध्याला आवरून धरतो. तो फाटला की दुखापतीला म्हणतात स्कीअर्स थम्ब. त्याआधीचं नाव होतं गेमकीपर्स थम्ब, म्हणजे शिकारराख्याचा अंगठा. स्कॉटलंडमधले शिकारराखे, म्हणजे शिकारीच्या रानाची राखण करणारे, सशांच्या माना मोडताना हाच अस्थिबंध वर्षानुवर्षं ताणून सैल करून घेत. १९५५ साली कॅम्पबेल या डॉक्टरांनी ते नोंदवलं.

आम्ही मात्र ‘मुरगळलाय’ म्हणालो. तेल चोळलं. गावी परतल्यावर भाऊ बागेतही गेला. पाच आठवड्यांनी कुलपात किल्ली फिरेना, तेव्हा डॉक्टर गाठला.

इथं थोडं थांबून सांगते, कारण आमची चूक इथं झाली. अस्थिबंध पूर्ण तुटला, तर त्याचं टोक कधीकधी शेजारच्या स्नायूच्या पडद्यावर जाऊन अडकतं. स्वीडनच्या स्टेनर यांनी १९६२ मध्ये हे दाखवून दिलं. अडकलेलं टोक आपल्या जागी परत येत नाही, म्हणून नुसत्या पट्टीने ते जुळत नाही. शस्त्रक्रिया लागते, आणि ती पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झालेली बरी. भावाची उशिरा झाली. चिमटीतला जोर पूर्वीसारखा परतला नाही.

तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी सूज आली, काळंनिळं दिसलं, चिमटीत कागदही धरवेना, तर त्या दिवसाचं स्कीइंग तिथेच थांबवा. हातातली अंगठी आधी काढा, सूज वाढली की ती निघत नाही. बर्फ कापडात गुंडाळून लावा, अंगठा हलणार नाही असा बांधा आणि एक्स-रे काढा. ओढून, वाकवून बघू नका. हाडाचा तुकडा निघाला असेल तर तो सरकतो. अर्धवट फाटलेला अस्थिबंध बहुधा चार ते सहा आठवडे स्प्लिंटमध्ये, म्हणजे अंगठा हलू न देणाऱ्या आधारात, ठेवून बरा होतो.

आणि मुळात तो फाटू नये म्हणून? तोल गेला की काठ्या सोडून द्यायच्या. काठीचा पट्टा मनगटात अडकवला असेल तर ती सुटतच नाही, म्हणून शिकताना पट्ट्यातून हात बाहेर ठेवलेला बरा. पण ऐन वेळी हात ऐकत नाही. त्याला आधी शिकवावं लागतं.

[दृश्य : नाशिकचं गोल्फ क्लब मैदान, सकाळ. हातात बांबूच्या काठ्या घेतलेली मुलं-मुली.]

यंदा औलीला जाणारी ही मंडळी. धावत येतात, काठ्या सोडतात, गवतावर कुशीवर पडतात. मावसभाऊ बाजूला उभा राहून ‘सोड! सोड!’ ओरडतोय. एकीने काठी धरूनच अंग टाकलं. भावाने तिला उठवलं, काठी पुन्हा हातात दिली आणि परत पळायला लावलं.