पण बघितलं कोणी?

नमस्कार मंडळी. मला पाऊण तास बोला म्हणून सांगितलंय, पण तुमच्या खुर्च्या बघितल्या तर त्या पाऊण तासाच्या वाटत नाहीत, तर लवकर आटपतो. मी काही समीक्षक वगैरे नाही, नुसता बघणारा माणूस. आणि बघणारा म्हणूनच एक बातमी वाचून मला हसू आवरेना. 2025 च्या एप्रिलमध्ये ऑस्करवाल्या अकादमीने नियम जाहीर केला की शेवटच्या फेरीत ज्या विभागात मत द्यायचंय त्यातले नामांकन मिळालेले सगळे सिनेमे तुम्ही बघितलेले असले पाहिजेत. परभाषी सिनेमासारख्या काही विभागांत ही अट आधीपासून होती, ते सोडा, पण बाकीच्यांचं काय? पहिला सोहळा 1929 सालचा आणि हे सुचलं 2025 ला! इतकी वर्षं काय पोस्टर बघून शिक्का मारत होते का हो?

आता आपण फार हसायला नको, कारण मी स्वतः एका मराठी चॅनेलच्या सोहळ्यात 'सर्वोत्कृष्ट सासू'साठी मत दिलंय आणि त्यातल्या पाचपैकी चार सासवा मला कोण ते माहीत नव्हतं, बायको म्हणाली ही दाब, मी दाबलं. आणि ह्या चॅनेलांच्या सोहळ्यांची गंमत अशी की सिरियली त्यांच्याच, नामांकनं त्यांच्याच सिरियलींना, बक्षीस देणारेही तेच, म्हणजे घरच्याघरी हळदीकुंकू करून स्वतःच्याच ओटीत नारळ घालून घ्यायचा. पण मला ते आवडतं बरं का, खोटं कशाला बोलू. सगळ्या सिरियलींमधली माणसं नटूनथटून एका ठिकाणी दिसतात, कालपर्यंत जी खलनायिका विष कालवत होती ती छान लावणी करते, लग्नाच्या पंक्तीत लांबचे नातेवाईक भेटावेत तसं वाटतं. फक्त त्याला पुरस्कार म्हणू नका, गॅदरिंग म्हणा.

हिंदीचं तर बोलायलाच नको. 1954 ला पहिले फिल्मफेअर पुरस्कार मुंबईत मेट्रो थेटरात झाले तेव्हा बक्षिसं होती पाच. आता पाच बक्षिसांत दोन जाहिरातींचे ब्रेकसुद्धा निघायचे नाहीत. म्हणून मग नाच, विनोद, मधेच कोणाला तरी स्टेजवर ओढून फजिती, आणि हे सगळं बऱ्याचदा आधीच रेकॉर्ड करून, कापून जोडून नंतर कधीतरी रविवारी लावतात, तोवर कोणाला काय मिळालं ते पेपरात येऊन त्या पेपराची रद्दीसुद्धा झालेली असते. ऑस्कर निदान लाइव्ह असतं, आपल्याकडे सोमवारी पहाटे. बोलायला पंचेचाळीस सेकंद, पुढं गेलात की वाजंत्री सुरू. आपल्याकडच्या सत्कार समारंभांना ही वाजंत्री मिळाली तर किती बरं होईल. (हशा) 2017 ला चुकीचं पाकीट उघडलं गेलं, 'ला ला लँड'ची माणसं स्टेजवर आभार मानत होती आणि बक्षीस निघालं 'मूनलाइट'चं, मी पहाटे उठून आजवर जे काही बघितलंय त्यातला सगळ्यात भारी टीव्ही तोच. सिनेमा मात्र दोन्हीतला एकही तेव्हा बघितला नव्हता! म्हणजे मीपण त्यातलाच.

तर मुद्दा बघण्याचा आहे. पूर्वी रविवारी दूरदर्शनवर 'साप्ताहिकी' लागायची, आठवडाभरात काय लागणार ते ती सांगायची, ते कागदावर लिहून घ्यायचं आणि मग जे लागेल ते सगळं बघायचं, 'व्यत्यय'ची पाटी लागली तर तीसुद्धा बघायची. आता माझा पोरगा सिनेमा दीडपट स्पीडने बघतो, नायिकेचं रडणं चिमणीसारखं ऐकू येतं, आणि आमच्या शेजारचे काका तर 'पूर्ण सिनेमा दहा मिनिटांत' असले व्हिडिओ बघून मग वर मत देतात की क्लायमॅक्स पटला नाही. आणि आमची आई सिरियल बघत नाही, ऐकते. मटार सोलत, पोळ्या लाटत, फोनवर मावशीशी बोलत. तुम्ही म्हणता सिरियलीत एकच गोष्ट तीनतीनदा का सांगतात, दर वाक्याला तो ढॅण आवाज का, अहो तो आवाज स्वयंपाकघरातल्या माणसासाठी असतो, की आता मान वर करा, काहीतरी झालंय. लिहिणारे वेडे नाहीत, त्यांना आपलं घर पक्कं ठाऊक आहे.

मग अशा आपल्याला 'कोर्ट'सारखा सिनेमा कोण दाखवणार? मार्च 2015 मध्ये त्याला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला आणि एप्रिलमध्ये तो थेटरात आला, मी गेलो तो केवळ बातमी वाचली म्हणून, नाहीतर कशाला जातोय. थेटरात आम्ही नऊ जण. त्यात कॅमेरा एका जागी उभा राहतो, बोलणारी माणसं निघून गेली तरी हलत नाही, माझ्या मागचे गृहस्थ म्हणाले, 'अडकलं वाटतं'. पहिली वीस मिनिटं मीपण चुळबुळ केली, नंतर कधी गप्प झालो कळलं नाही. ढॅण आवाज एकदाही नाही आणि तरी मान खाली जाईना. पुरस्काराचा मला कळलेला उपयोग एवढाच, की ते नऊ जण तिथं आले. आठवडाभराने बघितलं तर तो शो निघून गेलेला होता.

आणि 'श्वास' ह्या मराठी सिनेमाचं आठवतंय ना? 2004 ला तो भारताकडून ऑस्करला गेला तेव्हा महाराष्ट्रात त्याच्यासाठी वर्गणी झाली, शाळकरी पोरांनीसुद्धा पैसे दिले. लोकांना वाटायचं ऑस्करला पैसे कशाला, काय लाच द्यायचीय का? तर नाही, तिकडे लॉस एंजेलिसला थेटर भाड्याने घ्या, खेळ लावा, जाहिराती द्या, लोकांना बोलवा, की बाबांनो या आणि बघा. सिनेमा आपण तिकीट काढून बघितलाच होता, आता दुसऱ्यांनी बघावा म्हणून पुन्हा खिशात हात घातला! नामांकन काही मिळालं नाही. पण मला त्या वर्गणीचं अजून कौतुक वाटतं, गणपती सोडून अशा कामाला आपण कधी पैसे काढलेत?

नंतर पुष्कळ दिवसांनी तो आमच्याकडे टीव्हीवर लागला. आई नेहमीसारखी परात घेऊन बसलेली. ऑपरेशन झालं की पोराची दृष्टी जाणार, तर त्याआधी आजोबा त्याला गुपचूप दवाखान्यातून बाहेर नेतात, जग एकदा दाखवून आणतात, तिथं माझं लक्ष गेलं तर आईचे हात थांबले होते. जाहिरात लागली तरी शेंगेला हात लावला नाही. मावशीचा फोन वाजला, तोही वाजून वाजून बंद झाला. मी म्हटलं, ह्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाय, तर 'असू दे, तू जरा गप्प बस' म्हणाली.

त्या रात्री मटारची उसळ होणार होती, आम्ही पिठलं खाल्लं.